लहापाची पट्टी

लहापा गेली त्याच्या तीन आठवडे आधी तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की तिच्या मातीला मी गायचं नाही.

शुक्रवार होता. आमच्या मोलोकाईत, हवाईतल्या या छोट्या बेटावर, शुक्रवारी कुणाच्या तरी गॅरेजात जमायचं, खायचं, गायचं. नाकात ऑक्सिजनची नळी लावून ती आरामखुर्चीत बसली होती. पोईची, अळूच्या कंदाच्या लगद्याची, वाटी मीच तिच्या तोंडाशी धरली होती.

"मातीला पिलीपोने गायचं," ती माझ्याकडे बोट करून म्हणाली. "एलामाच्या गळ्याचा आता पत्रा झालाय."

सगळे हसले. मीही हसलो.

"अगं, नवरा आहे तो तुझा," कनोए मावशी म्हणाली.

"नवरा म्हणून चांगलाच आहे. पण मेल्यावर तरी कानांना सुख नको?"

पिलीपो तिचा धाकटा भाऊ. आणि गाणं म्हणजे ती ज्यावर नाचायची ते. चाळीस वर्षं ती नाचली आणि मी गायलो. हे गाणं पुरुषाने बाईच्या आवाजाच्याही वर चढून गायचं असतं. खालचा आवाज सोडून वरचा पकडताना मध्ये एक उचकी लागते. ती लपवायची नसते. लोक तिच्यासाठीच कान देऊन बसतात. माझी उचकी तिला आवडते असं मी धरून चाललो होतो.

तिला उचलून घरी आणलं, पाय पुसले, औषध दिलं. त्या बोलण्याचा विषय तिने परत काढला नाही. मीही नाही.

मातीच्या दिवशी सकाळी पिलीपो मला चर्चच्या मागे गाठायला आला. तीन दिवस रडून त्याचा घसा बसला होता.

"दाजी, वरचा आवाज लागतच नाहीये. दोन पट्ट्या खाली घ्या ना. कुणाला कळणारही नाही."

गिटार माझ्याकडे होती, म्हणजे पट्टी मी द्यायची.

"घेतो," मी म्हणालो.

आणि नेहमीच्याच पट्टीत सुरू केलं.

त्याने चमकून माझ्याकडे पाहिलं. पहिली ओळ कशीबशी निघाली. वर चढायची जागा आली आणि आवाज फाटला. उचकी नव्हती ती, नुसती चिरफाड होती. कुणीतरी मान खाली घातली. "अरे देवा," कनोए मावशी पुटपुटली. पिलीपोने कमरेजवळ हात धरून बोटाने खूण केली, खाली घ्या. मी शवपेटीवरच्या माळांकडे बघत राहिलो.

पाच कडवी, प्रत्येक दोनदा. दोन कडव्यांवर मला थांबता आलं असतं. पण प्रत्येक कडवं संपलं की मी पुढच्याची सुरावट वाजवायचो, आणि ती वाजली की गाणाऱ्याला पुढचं कडवं उचलावंच लागतं. चौथ्या कडव्यात त्याच्या तोंडातून फक्त हवा येत होती. तिला हे ऐकू जावं असं मला वाटत होतं. सगळ्या गावासमोर तिची शोभा व्हावी असं वाटत होतं.

बाहेर आल्यावर तो सरळ माझ्याकडे आला. आता हात उचलणार म्हणून मी गिटार बाजूला धरली. त्याने मला मिठी मारली.

"दाजी, बरं झालं माझं ऐकलं नाहीत," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "तिच्या पट्टीत तिला पोचवलं आपण. मी भित्रा, खाली उतरवून मोकळा झालो असतो."

खरं सांगायची वेळ तीच होती.

"खूश झाली असती ती," मी म्हणालो.

तो माझ्या खांद्यावर रडत होता. मी त्याला रडू दिलं.