रिकाम्या खुर्चीचा गारवा

विजेचं बिल वाढलं की पहिली कुऱ्हाड कोणावर पडते? ज्याचा आवाज वर पोहोचत नाही त्याच्यावर! नागरिकहो, घरीदारी आपण हेच पाहतो. सोलापुरात शुक्रवार पेठेजवळच्या एका सरकारी इमारतीतही तेच झालं. खाली बाळंतिणींचा वॉर्ड, वर कार्यालयं आणि बिल सगळ्यांचं एकच. मे महिन्यात ते फुगलं, तसा उपअभियंता सयाजीरावांनी नियम लिहिला: दुपारी वॉर्डातले कूलर बंद. आज त्याची चाचणी सुरू झाली होती. आजच्याच बैठकीत सही झाली की जिल्ह्यातल्या अशा सगळ्या इमारतींना तोच नियम लागणार होता.

बैठकीला निघालेली कनिष्ठ अभियंता अंकिता सयाजीरावांच्या केबिनमध्ये डोकावली. आत एसी चालू, खुर्चीच्या पाठीवर टॉवेल, आणि समोर मोडनिंबच्या येसूबाई हात जोडून उभ्या. त्यांची सून खाली वॉर्डात होती, कुशीत नुकताच जन्मलेला नातू.

"साहेब येतील न्हवं? मशीन चालू हाय, म्हंजी हितंच असतील की," येसूबाई म्हणाल्या. "खाली लेकराचं अंग लई तापलंय. कूलर लावा, एवढंच सांगायचं हाय."

साहेब सकाळपासून इकडे फिरकलेच नव्हते. एसी चालू आणि खुर्चीवर टॉवेल म्हणजे साहेब 'आत्ताच बाहेर गेलेत', ही तिथली जुनी रीत. एसी बंद करायची शिपायाची छाती नव्हती. साहेब बैठकीतच भेटतील म्हणून अंकितानं येसूबाईंना सोबत घेतलं.

बैठकीच्या दारातच सयाजीरावांनी तिला बाजूला ओढलं. प्रत्येक खोलीच्या लाइनवर तिनंच छोटे मीटर बसवले होते आणि महिनाभराचे आकडे तिच्या लॅपटॉपवर होते.

"फक्त इमारतीची सरासरी दाखवा," ते हळूच म्हणाले. "तुमची नोकरी अजून कायम व्हायची आहे. त्यासाठीचा शेरा मी लिहिणार आहे."

तिनं सरासरी दाखवली. वरिष्ठ अधिकारी अनिलकुमारांनी सहीसाठी पेन उघडलं.

"थांबा!" वॉर्डाचे डॉक्टर सिद्धलिंगप्पा उठले. "एक पेशंट तापानं फणफणलेला, दुसरा थंड पडलेला. दोघांची सरासरी काढली तर दोघंही ठणठणीत! मी असा इलाज केला तर माणसं मरतील की. मॅडम, खोलीवार आकडे आहेत का?"

सयाजीराव तिच्याकडे रोखून बघत होते. दाराशी येसूबाई पदराचं टोक पिळत उभ्या होत्या. अंकितानं डोळे मिटले आणि बटण दाबलं.

पडद्यावर रेषा उमटल्या. वॉर्डाची रेषा उन्हासोबत चढायची, संध्याकाळी उतरायची. एक रेषा मात्र दिवसभर सरळ, सगळ्यांच्या वर. सयाजीरावांची केबिन! ते टेंभुर्णीच्या दौऱ्यावर होते त्या दिवशीही!

"माझ्यावर पाळत ठेवता?" सयाजीराव उसळले.

"मीटर तारेवर बसवलेत सर, माणसावर नाही." अंकिता म्हणाली. "मलाही वाटायचं, वॉर्डच जास्त वीज खातो. मोजलं नसतं तर मीही हाच नियम लिहिला असता."

तेवढ्यात येसूबाई पुढं झाल्या. "म्हंजी तुमीच ते साहेब व्हय? त्या गार खोलीत मी कवाधरनं तुमची वाट बगत हुते. रिकाम्या खुर्चीला गारवा हाय, आन माज्या नातवाला न्हाय?"

सयाजीरावांची मान खाली गेली. मग त्यांनी स्वतःच तो कागद ओढून घेतला आणि कूलरच्या कलमावर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं: आधी खोलीवार मोजायचं, मग काटछाट ठरवायची, माणूस नसेल तिथं वीज बंद. अनिलकुमारांनी त्यावर सही केली.

"शेरा मीच लिहीन," ते अंकिताला म्हणाले, "पण खरा लिहीन. चुकलो मी."

केबिनमध्ये जाऊन त्यांनी एसी बंद केला, टॉवेल घडी करून कपाटात ठेवला. मग येसूबाईंसोबत खाली उतरले आणि वॉर्डातले कूलर स्वतःच्या हातानं लावले.

नागरिकहो, काटकसर हवीच! पण न मोजता केलेली काटकसर दुबळ्याच्याच वाट्याला येते. दुसऱ्याचा पंखा बंद करण्याआधी एकदा आपल्याच खोलीत जाऊन बघा, तिथं कोणाची रिकामी खुर्ची गारव्याला बसली आहे ते.