गालात कापूस आणि वर मी

मित्रांनो, मी एक जुना मुखवटा आहे. पण नाटकातला नव्हे, किरणोपचाराच्या खोलीतला. पूर्वी मी प्लॅस्टिकची सपाट जाळी होतो. तंत्रज्ञ ताईंनी मला गरम पाण्यात मऊ केलं आणि एका काकांच्या चेहऱ्यावर, थेट खांद्यांपर्यंत ताणून बसवलं. थंड होताच मी त्यांचाच चेहरा झालो.

काका बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करायचे. त्यांच्या घशात कर्करोग होता. जास्त किरणांनी बोलणं-गिळणं कायमचं अवघड होण्याची भीती होती. म्हणून डॉक्टर किरणांची मात्रा कमी ठेवून, सोबत इम्युनोथेरपीचं सलाईन देत होते. शरीरातले पहारेकरी रोगाला ओळखून त्याच्यावर तुटून पडावेत, यासाठी ते औषध. उपचार नवा, अजून अभ्यासातला. किरण कमी, म्हणून नेम अचूक हवा. तो नेम सांभाळायला मी! रोज मला टेबलाला अडकवत, म्हणजे काका तसूभरही हलत नसत. ताई माझं कौतुक करत, मी फुशारून जाई.

चौथ्या आठवड्यात मात्र काकांचे गाल माझ्यापासून सुटू लागले. ते वाळत चालले होते. मला कळत होतं, पण सांगणार कसा?

एके सकाळी गाल पुन्हा मला घट्ट बसले. मी खूश झालो. ताई बाहेर गेल्या, जाड दार बंद झालं. आणि काकांचा श्वास अडखळला. गालात कापसाचे बोळे होते! एक बोळा घशाकडे सरकत होता. हातात घंटीचं बटण होतं, पण अंगठा हलेना. दाबलं तर चोरी उघडी पडणार. मी त्यांना जखडून धरलं होतं, आणि मला सुटता येत नव्हतं. दाबा, काका, दाबा!

घंटी वाजली.

ताई धावत आल्या, माझ्या कड्या सोडल्या. काकांनी कापूस थुंकला.

"काका, अहो, जीव गेला असता!"

"बारीक झालो तर या उपचारातून काढाल," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मग पुन्हा किरणांचा मोठा डोस."

"कुणी सांगितलं असं? नवा मुखवटा करायला एक सकाळ पुरते!"

बाहेर थांबलेली लेक आत आली. "बाबा, मग रोजचा डबा रिकामा कसा यायचा?"

"गिळवत नव्हतं गं. फाटकापाशी मांजर असतं ना? बघ कसं गुबगुबीत झालंय."

ती हसली, आणि हसता हसताच रडू लागली.

डॉक्टरांनी त्यांना पातळ आहार आणि दुखणं कमी करणारं औषध सुरू केलं. नवा मुखवटा झाला, नव्याने मोजमाप झालं; मात्रा तीच कमी राहिली. मी कपाटात आलो. नव्या मुखवट्याच्या कड्या लागतात, तेव्हा काकांचा श्वास ऐकतो. संथ असतो.

मित्रांनो, आजार पुढे काय वळण घेईल, ते मला ठाऊक नाही. एवढंच मागतो: दुखलं, गिळवेना, तर लगेच सांगा. आणि घरातलं कुणी "मी बरा आहे" म्हणालं, तर जवळ बसून आणखी एकदा विचारा.