दुर्सुनचं नाव

"बंद करा रे ते!" दोनेबाई ओरडली. पण वीज जोडलेल्या साझच्या तारा आणि ड्रम यांपुढे म्हातारीचं कोण ऐकतंय? अंगणात तीस-चाळीस जण हातात हात गुंफून नाचत होते. मधोमध नवरदेव कादिर, तिचा सख्खा भाचा.

गाणं तिचंच होतं. आधीची दोन पोरं गेली म्हणून तिसऱ्याचं नाव ठेवलं दुर्सुन, म्हणजे हा तरी राहो. तोही कापूस वेचायला गेला आणि ट्रॅक्टरखाली सापडला. त्याचा कोट मांडीवर पसरून तिने ते जुळवलं. असलं गाणं मर्तिकाच्या घरातच म्हणायचं असतं. पण तीन वर्षांपूर्वी इस्तंबूलची झिपरी पोरं टेप घेऊन आली. "मावशी, दुर्सुनचं नाव सगळा मुलूख ऐकेल," म्हणाली. आईच ती, भुलली. रेकॉर्ड निघाली ती ड्रम-गिटार लावून, आणि दुर्सुनच्या जागी 'सजणा' घालून. मेल्यांनी गाणं नेलं, मढं तिच्याकडे ठेवलं.

ती थेट साझवाल्यापाशी गेली. "बाळा, हे मर्तिकाचं आहे. लग्नात नाही वाजवत."

"मर्तिकाचं? आजी, यावर अख्खं कायसेरी नाचतं!"

"मग निदान नाव तरी घाल. सजणा नाही, तिथं नाव आहे."

"एवढंच ना?" त्याने नवरदेवाला डोळा मारला आणि सूर लावला, "कादिरचा कोट गाडीवर टाका, आईला दारात उभी ठेवू नका..."

पोरांनी शिट्ट्या मारल्या. कादिरची आई मात्र पांढरीफटक पडली. दुर्सुनच्या मातीला ती दोनेच्या शेजारीच बसली होती, शब्द तिला पाठ होते.

"माझ्या पोराला जिवंतपणी गाडलंस गं! स्वतःचा गेला म्हणून माझाही जावा?"

"वहिनी, मी कुठं..."

भाऊ मेमिशने तिचा दंड धरून फाटकापर्यंत नेलं. "ताई, आता या घरी येऊ नकोस."

ती कबरीपाशी जाऊन बसली. निदान इथे तरी नीट म्हणावं म्हणून तिने तोंड उघडलं. खालून लग्नघरातला ड्रम ऐकू येत होता. शब्द त्याच्याच चालीने पळायला लागले. तिने थांबून पुन्हा धरलं, पुन्हा तेच. जुनी चाल काही केल्या आठवेना.

मग तिने गाणं सोडलं आणि नुसतं नाव घेत राहिली.