नेव्हिलला मोठी रायफल हवी होती

माझ्या नवऱ्याचं, नेव्हिलचं, डोकं एकदा फिरलं की फिरलं. गेल्या महिन्यात डार्गो गावाच्या वरच्या डोंगरात त्याने सांबराच्या मादीवर गोळी झाडली. गोळी पोटात लागली आणि मादी झाडीत पळाली. दोन दिवस आम्ही दोघं ओढ्याच्या कडेकडेने तिला शोधत फिरलो. तिसऱ्या दिवशी मेलेली सापडली, तेव्हा तिच्यावर गरुड बसले होते. तेव्हापासून हा माणूस धड जेवत नाही. आणि घरात एकच पालुपद: आपली टू-सेव्हंटी रायफल सांबराला कमी पडते, आता तिच्याहून जबर थ्री हंड्रेड मॅग्नमच घ्यायची.

याच टू-सेव्हंटीने त्याने तीस वर्षं आमचा फ्रीझर भरलाय. पण खांद्याचं ऑपरेशन झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या हट्टी माणसाला हे सांगणार कोण?

शनिवारी सकाळी आमचा मित्र डेस स्वतःची मॅग्नम घेऊन नेमबाजीच्या रेंजवर आला. नेव्हिलने बाकावर बसून तीन गोळ्या झाडल्या. शंभर मीटरवरच्या कागदावर तिन्ही तीन दिशांना गेल्या.

"डेस, तुझ्या रायफलवरची दुर्बीण हललीय," नेव्हिल खांदा चोळत म्हणाला.

"माझी दुर्बीण? तूच हललायस, म्हाताऱ्या!" डेस म्हणाला. "ही खांद्याला लाथ मारते रे. त्यापेक्षा छोटी टू-फॉर्टी-थ्री घे, एकदम मवाळ."

"आणि सांबराचं काय? कायद्याने त्याला टू-सेव्हंटीहून छोटी रायफल चालते का? या वयात सशांमागे धावू?"

"आण इकडे, आता मी भरून देते," मी म्हटलं.

आदल्या दिवशीच मी डेसकडून सरावाचं नकली काडतूस मागून घेतलं होतं. त्यात दारू नसते. तेच मी भरलं आणि रायफल नेव्हिलकडे दिली. त्याने नेम धरला, श्वास रोखला, चाप ओढला.

टक्.

धक्का बसलाच नाही, तरी नळी खाडकन खाली गेली. धक्क्याच्या धास्तीने नेव्हिलचे दोन्ही डोळे आधीच गच्च मिटलेले होते. डेसने ते पाहिलं, थर्मास आणतो म्हणाला आणि गाडीकडे निघून गेला.

नेव्हिलने रायफलचा बोल्ट मागे ओढून काडतूस बाहेर काढलं. बराच वेळ तो ते हातात फिरवत राहिला.

"ग्लेनिस, हे तू घातलंस?"

"हो."

"मी डोळे मिटतो?"

"हो, नेव."

आता हा भडकणार असं मला वाटलं. भडकला असता तर बरं झालं असतं.

"त्या दिवशीपण मिटले होते?"

त्या दिवशी डोंगरात मी त्याच्या शेजारीच बसले होते. खोटं बोलायची सोय नव्हती.

"हो. ऑपरेशन झाल्यापासून मिटतोस. दोन हंगाम झाले."

त्याचा मान राहावा म्हणून मी गप्प बसले होते. निदान मी स्वतःला तसं समजावत आले होते. त्या क्षणी मात्र मला माझीच लाज वाटली.

नेव्हिलने काडतूस बाकावर ठेवलं.

"म्हणजे तुला माहीत होतं," तो हळूच म्हणाला. "आणि तरी ती मादी समोर आल्यावर तूच म्हणालीस, मार."