न सांगितलेला नकार

मी एक तपासणी बोलतेय. दिसायला चार ओळींचा कोड, पण काम दारावरच्या माणसाचं. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या एका ऑफिसात अपूर्वानं मला लिहिलं, बिनतारी निरोप वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या, म्हणजे वायरलेस ड्रायव्हरच्या अगदी तोंडाशी.

हवेतून निरोपांची पुडकी येतात, त्यांना फ्रेम म्हणतात. प्रत्येकावर त्याची लांबी लिहिलेली असते, ती मी मोजून बघते. वर मोठा आकडा आणि आत माल कमी, अशा पुडक्यावर विश्वास ठेवला तर ड्रायव्हर पुढची भलतीच मेमरी वाचत सुटेल. म्हणून मी ते फेकून देते.

मी फेकायचे आणि वर पाठवणाऱ्याला "पोचलं" म्हणून सांगायचे. हा स्वभाव अपूर्वाचा. तिला कुणाला तोंडावर नाही म्हणवत नाही. शेजारी बसणाऱ्या विराजनं कोड बघताना विचारलंही होतं, "फ्रेम नाकारतेस, मग एरर का देत नाहीस? इथले लोक बघ, सरळ 'नाही' म्हणून मोकळे होतात."

"बघते," ती हसून म्हणाली. आपल्याकडचं "बघते" म्हणजे काय, ते विराजलाही ठाऊक होतं. तोही पुढच्या ओळीकडे वळला.

म्हाताऱ्या माणसांनी गळ्यात घालायचं एक बटण असतं. ते दाबलं की घरातल्या डब्याला निरोप जातो आणि डबा घरच्यांना फोन लावतो. त्या डब्यात मी होते. चाचणीसाठी अपूर्वानं एक बटण पुण्याहून आलेल्या आईच्या, वीणाताईंच्या गळ्यात घातलं.

एका सकाळी वीणाताई न्हाणीघरात घसरल्या. त्यांनी बटण दाबलं. भिंतीपलीकडून पुडकं माझ्यापर्यंत अर्धंच आलं. मी ते फेकलं आणि सवयीनं "पोचलं" म्हटलं. बटणावर हिरवा दिवा लागला, पण फोन कुणालाच गेला नाही.

संध्याकाळी अपूर्वा घरी आली, तेव्हा आई गार फरशीवरच होती. मांडीचं हाड मोडलं होतं.

"परत का नाही दाबलंस गं?"

"हिरवा लागला ना. म्हटलं, निघालीच असशील."

दुसऱ्या दिवशी अपूर्वा मला पुसायलाच निघाली होती. विराजनं तिचा हात धरला. "या तपासणीनं अर्धी फ्रेम बरोबर ओळखली होती. तिला काढू नकोस, खरं बोलू दे."

अपूर्वानं एकच ओळ बदलली. आता मी नाकारते तेव्हा तसं सांगते. दिवा लाल होतो आणि बटण निरोप पुन्हा पाठवतं.

मला बोलता आलं, पण त्या दिवसाचं दुःख जात नाही. तुम्हालाही कुणाला नाही म्हणायचं असेल, तर म्हणून टाका. पलीकडे कुणीतरी तुमच्या होकाराच्या भरवशावर पडून असतं.