शिसं धरेना

पत्र्याचे पोचे भरायला तापवून लावलेलं शिसं तिसऱ्यांदा गळून पडलं तेव्हा मिस्त्रीच्या डोक्यात तिडीक गेली. बाकी सगळ्या मडगार्डावर छान बसलं होतं. हेडलाइटमागचा खळगा तेवढा हट्टाला पेटलेला. तिथे आधी शिशाखालची कल्हईच पसरेना, मग तिच्यावर शिसं काय बसणार, कपाळ! त्यानं गॅसला शिव्या घातल्या, शिशाच्या कांडीला घातल्या, मग उगीचच रेडिओ बंद केला.

जुन्या गाडीच्या मालकानं सोमवारची मुदत दिली होती. तोवर जमलं नाही तर तो धाकट्याकडून पुट्टी भरून घेणार. धाकटा म्हणजे मिस्त्रीचा सख्खा भाऊ, शेजारच्याच गाळ्यातला. पुट्टी म्हणजे नुसता चिखल, म्हणून 'चिखलवाला' हे नाव त्याला मिस्त्रीनंच ठेवलेलं. आता त्याच्याच हाती ही गाडी जायची म्हणजे नाक कापून घेण्यासारखंच होतं.

आदळआपट ऐकून धाकटा आला. मडगार्डापाशी वाकून बराच वेळ बघत राहिला.

"दादा, ही उघडी जागा बघ. ही तुझी बोटं आहेत."

खरंच की. चार बोटं आणि तळहात, छापल्यासारखे. पत्रा घासला की खळग्याचा आकार बदलतो, म्हणून घासून झाल्यावर मिस्त्री दर वेळी डोळे मिटून तो चाचपायचा. आणि गेलं वर्षभर बायको रोज सकाळी त्याच उजव्या हाताला तेल चोळून देत होती, कारण त्याशिवाय मूठ वळत नव्हती. गंजानं खाल्लेल्या पत्र्याच्या छिद्रांत ते तेल मुरलं होतं. त्यानं हात साबणानं घासघास घासला. पाच मिनिटांत तळवा पुन्हा तेलकट. बायकोवर ओरडावं, तर तिचं बिचारीचं काय चुकलं? तेल सोडलं तर हातातली शिसं दाबायची थापी सुटणार, लावलं तर शिसं सुटणार. नुसता वैताग.

पत्रा आता एकदाच घासण्याइतका उरला होता. त्यानं तो घासला आणि धाकट्याला म्हणाला, "हात धुऊन ये. नीट धू."

आला तसं डाव्या हातानं त्याचं मनगट धरून त्याचा तळहात खळग्यावर टेकवला, हळूहळू सरकवला. "इथं उतार आहे. लागतोय हाताला?"

"सपाटच तर आहे."

मिस्त्रीची बोटं नुसती शिवशिवत होती. एकदाच हात फिरवला असता तर सगळं कळलं असतं. त्यानं उजवा हात खिशात कोंबला.

"सपाट नाहीये," तो म्हणाला. "परत बघ."