दोन मिनिटांचा फोटो

किशनरावांनी परभणीतल्या एका वाचनालयात एकतीस वर्षं पुस्तकं बांधली. फाटकं पुस्तक उसवायचं, पानं लावून शिवायचं, खळ लावून पुठ्ठा चढवायचा. मग हात थरथरायला लागले आणि वर्षभरात मानही. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घेत राहा, पण हे जायचं नाही. काम सुटलं तरी ते रोज सकाळी पेपर वाचायला यायचे. टेबलावर पेपर पसरून मनगटांनी दाबून धरायचे, म्हणजे पान हलत नसे.

जानेवारीत वाचनालयाने फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळावर प्रदर्शन भरवायचं ठरवलं. कॉलेजात इतिहास शिकवणारे नचिकेत सर त्याचे प्रमुख होते. त्यांनी जुनी चित्रं मोठी करून छापून घेतली आणि सुताराकडून जुन्या पद्धतीचा लाकडी कॅमेराही करवून घेतला. त्यात फोटोचा कागद घालायचा आणि माणसाला उन्हात समोर बसवायचं. दोन मिनिटं तो हलला नाही, तरच चेहरा नीट यायचा.

ग्रंथपाल मैथिली मॅडम पेपरच्या टेबलापाशी आल्या. "किशनराव, प्रदर्शनात तुमचा फोटो लावायचाय."

"माजा? माजा कशाला?"

"तुम्ही इथले जुने माणूस ना."

दुसऱ्या दिवशी ते दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून आले. सोबत बायको सरजाबाई होती. अंगणातल्या खुर्चीवर आधी माधवी नावाची एक विद्यार्थिनी बसली. ती उठल्यावर किशनराव बसले.

"आता अजिबात हलायचं नाही," नचिकेत सर म्हणाले, आणि कॉलेजची मुलं मोठ्याने आकडे मोजू लागली.

किशनरावांनी दात आवळले. मान जितकी ताठ धरावी तितकी जास्त हलायला लागली. मागे कुणीतरी फिसकन हसलं. एकशेवीस झाल्यावर ते घाम पुसत म्हणाले, "सर, बिगडला आसंल. पुन्हा घ्या."

"नको. हवा तसाच येईल."

उद्घाटनाच्या दिवशी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले होते. माधवीच्या खाली लिहिलं होतं, 'स्थिर बसलेली व्यक्ती'. किशनरावांच्या खाली, 'हललेली व्यक्ती'. खुर्चीचे पाय स्वच्छ दिसत होते, सदऱ्याची खालची कडही दिसत होती. कॉलरच्या वर मात्र नुसता पांढुरका फराटा होता.

नचिकेत सर पाहुण्यांना सांगत होते, "हा फरक दाखवायला आम्ही मुद्दाम असा माणूस शोधला, ज्याला स्थिर बसताच येत नाही. ते इथेच आहेत बघा."

पाहुणे वळले. किशनरावांची मान हलतच होती. दोघातिघांना हसू आवरलं नाही. सगळे हसतायत म्हणून किशनरावही हसले. सरजाबाईने पदर तोंडाला लावला.

घरी आल्यावर तिने विचारलं, "तुमाला ठाव हुतं का, ह्ये कशासाठी काढायलेत ते?"

"न्हाई."

चार दिवस ते वाचनालयात गेले नाहीत. पाचव्या दिवशी सरजाबाईला घेऊन गेले ते थेट नचिकेत सरांकडे. प्रदर्शनाच्या भिंतीवर एका जुन्या स्टुडिओचं चित्र होतं. गिऱ्हाइकाचं डोकं हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमट्यात धरलेलं. किशनरावांनी तिकडे बोट दाखवलं.

"मला आसं बांधा, सर. बांधल्यावर कसा हलंन? मंग त्यो फोटो उतरवा आन् ह्यो लावा."

सरांना कल्पना आवडली. चिमटा नव्हता, तेव्हा खुर्चीमागे लोखंडी नळी रोवली आणि पुस्तकं बांधायच्या कापडाच्या पट्टीने किशनरावांचं कपाळ आणि हनुवटी तिला आवळली. सरजाबाई खाली बसून त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून राहिली. मुलं मोबाइलवर शूटिंग करत होती. उन्हाने डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते हलले नाहीत. सोडवलं तेव्हा कपाळावर लाल वळ उठला होता.

फोटो धुवायच्या कोंदट अंधाऱ्या खोलीतून बाहेर येऊन नचिकेत सर म्हणाले, "आला. चेहरा एकदम स्पष्ट आहे."

किशनराव घरी गेल्यावर मैथिली मॅडमनी विचारलं, "हा औषधात टाकून पक्का करायचा राहिलाय ना? नाहीतर उजेडात काळा पडेल."

"औषध थोडंच उरलंय. उद्या शाळेच्या मुलींना करून दाखवायचंय," सर म्हणाले. "आणि हा कुठे टांगायचाय? दोघंही स्पष्ट दिसले तर फरक काय दाखवणार?"

मॅडमनी फोटो काळ्या पाकिटात घातला.

दुसऱ्या दिवशी किशनराव आणि सरजाबाई आले, तर भिंतीवर जुनाच फोटो होता आणि त्याच्यासमोर शाळेच्या मुली उभ्या होत्या. त्यातली एक मान हलवून दुसरीला हसवत होती.

"जोडी मोडेल, किशनराव," नचिकेत सर म्हणाले. "तुमचा फोटो मॅडमनी तुमच्यासाठी ठेवलाय."

मैथिली मॅडमनी पाकीट दिलं. "घरी जाऊन उघडा," एवढंच म्हणाल्या.

"लय उपकार झाले, मॅडम," सरजाबाई म्हणाली. मॅडम रजिस्टर उघडून बसल्या.

घरी अंगणातच सरजाबाईने पाकीट उघडलं. "आवं, लय झ्याक आलाय. मिशीचा केस न् केस दिसायलाय."

"थांब, चष्मा आणतो."

ते आत गेले. चष्म्याची डबी त्यांच्या हाताने लवकर उघडत नसे. तेवढ्यात सरजाबाईने शेजारच्या राजेश्रीला हाक मारली आणि तिला नीट दिसावं म्हणून फोटो उन्हात धरला. आधी कडा तांबूस झाल्या. मग सदरा गेला. सरजाबाईने पदराने पुसून पाहिलं. किशनराव चष्मा लावून आले तेव्हा मिशी आणि एक डोळा अंधुक उरला होता. त्यांनी कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. कागद त्यांच्या हातात थरथरत होता.

"कुटं हाय?"

"आत्ता हुता," सरजाबाई म्हणाली. राजेश्री आपल्या दारात गेली.

किशनराव ओट्यावर बसले. त्यांनी विचारलं, "मान सरळ हुती का?"

"सरळ हुती."

"आन् बांधलेलं दिसत हुतं का?"

पट्टी दिसत होती. कपाळावरची, हनुवटीखालची, कानापाशची गाठसुद्धा.

"न्हाई," सरजाबाई म्हणाली.

सोमवारी प्रदर्शन गंगाखेडला गेलं. ते दोन फोटो खोक्यात सगळ्यांत वर ठेवले होते, कारण लोक त्यांच्यापाशीच जास्त वेळ थांबत होते.